पूर्वज्ञानाचा रकाना

जाहिरात एजन्सीत एखादी माजी शिक्षिका रुजू झाली की तिच्या टेबलावर सगळ्यात आधी येतात ते तपासायचे मजकूर. "मॅडम, जरा ऱ्हस्व-दीर्घ बघता का?" शाळेतून आलेली बाई सोबत लाल पेन घेऊनच आली असणार, असा सगळ्यांचा समज. पेन होतं, नाही असं नाही. पण चोख मुद्रितशोधक पुण्यात माझ्याआधीही होते आणि ते माझ्यापेक्षा हुशार होते. काही वर्षं माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवल्यावर मी कॉपीरायटिंगकडे, म्हणजे जाहिरातींचा मजकूर लिहिण्याकडे वळले. (विनाअनुदानित शाळेत शिकवलेल्यांना कारण सांगावं लागणार नाही; बाकीच्यांना सांगून पटणार नाही.) तेव्हापासून शाळेतली जी गोष्ट मला रोज उपयोगी पडते, ती पाठटाचणातल्या, म्हणजे तासाआधी लिहायच्या पाठाच्या आराखड्यातल्या एका रकान्यात असायची.

बी.एड., डी.एड. केलेल्यांची पाठटाचण म्हटलं की अजूनही बोटं दुखतील. आखीव कागद, वर घटक-उपघटक, मग उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, शैक्षणिक साधनं, आणि या गर्दीत एक बारीकसा रकाना: पूर्वज्ञान. आज जे शिकवणार त्याविषयी मुलांना आधीच काय ठाऊक आहे, ते इथे लिहायचं. बहुतेक छात्राध्यापक तिथे एक ठरीव वाक्य टाकून मोकळे होत. 'विद्यार्थ्यांना स्वातंत्र्यलढ्याविषयी सामान्य माहिती आहे.' पाठ बघायला शेवटच्या बाकावर बसणाऱ्या आमच्या प्राध्यापिका या वाक्यापाशी थांबायच्या आणि समासात एकच शब्द लिहायच्या, 'कशावरून?'

त्या 'कशावरून'ला उत्तर द्यायचं तर पाठाच्या आदल्या दिवशी वर्गात जाऊन मुलांशी बोलावं लागे. बोललं की भलतंच काही हाती यायचं. टिळक म्हणजे शेंगांची टरफलं, गांधीजी म्हणजे नोटेवरचे, आणि मिठाचा सत्याग्रह? मीठ तर दुकानात सगळ्यात स्वस्त, त्यासाठी एवढं चालत कशाला जायचं? हा प्रश्न मुलांना अगदी मनापासून पडलेला असायचा. वर्गात एका किराणा दुकानदाराचा मुलगा होता. त्याला जीएसटी माहीत होता, बिलावर तो कुठे छापतात तेही माहीत होतं. मग दांडीयात्रेचा पाठ साबरमतीहून सुरू न होता त्याच्या दुकानातल्या बिलावरून सुरू झाला. मिठावर सरकार कर लावतं, मीठ बनवायचा हक्क स्वतःकडे ठेवतं, आणि समुद्रकाठचा माणूससुद्धा मूठभर मीठ उचलू शकत नाही, हे एकदा डोक्यात शिरलं की १९३० सालची ती चाल कशासाठी होती हे निराळं सांगावं लागत नाही.

आता एजन्सीतलं ब्रीफ बघा, म्हणजे जाहिरात कुणासाठी आणि कशी हवी ते सांगणारा कागद. त्यात ग्राहकाचं वय असतं, उत्पन्न असतं, तो शहरी की निमशहरी हे असतं, त्याच्या मोबाईलचा प्रकार असतो, कधी कधी त्याला एक काल्पनिक नाव आणि हसरा फोटोही असतो. असं सगळं असतं. या माणसाला आपल्या मालाविषयी आधीच काय वाटतं, एवढंच नसतं. तो रकानाच नाही.

एका विमा कंपनीसाठी मुदत विम्याची (मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे मिळतात तो विमा) माहितीपत्रकं आम्ही करत होतो. ब्रीफमध्ये हेडलाईनची दिशाही दिली होती: मोठी रक्कम, छोटा हप्ता, कुटुंबाला कवच. मी कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्रातली मराठी संभाषणं ऐकायला मागितली. सर्व्हिसिंगच्या, म्हणजे क्लायंट सांभाळणाऱ्या मुलाला हे जरा चमत्कारिक वाटलं, पण त्यानं मिळवून दिली. मला ती संभाषणं म्हणजे उत्तरपत्रिकाच वाटल्या. साताऱ्याकडचे एक गृहस्थ, नगरकडच्या एक बाई, आणखी कोण कोण, सगळे फिरून फिरून एकाच जागी येत होते: "मुदत संपल्यावर परत किती मिळणार?" काही मिळणार नाही म्हटलं की, "म्हणजे बुडालेच की!" आणि फोन ठेवून देत.

त्यांचं चुकत नव्हतं. आपल्याकडे विमा म्हणजे ठरावीक वर्षांनी हातात पडणारी रक्कम, मुलीच्या लग्नाला किंवा घराच्या स्लॅबला लागणारी. पिढ्यान्‌पिढ्या बचतीचा विमा घेतलेल्या घरात हे पूर्वज्ञान पक्कं बसलेलं. त्याच्यावरून उडी मारून थेट 'एक कोटीचं कवच' म्हणणं म्हणजे बेरीज न येणाऱ्या वर्गाला गुणाकार शिकवणं. पण याच माणसाच्या दारात मोटरसायकल उभी होती. तिचा विमा तो दरवर्षी भरत होता आणि वर्षअखेरी गाडी धडधाकट राहिली म्हणून पैसे परत मागायला कुठेच जात नव्हता. माहितीपत्रकाचं पहिलं वाक्य तिथून आलं: 'गाडीला वर्षभर काही झालं नाही, म्हणून विम्याचे पैसे परत मागता का?' कवच-बिवच खाली दुसऱ्या परिच्छेदात गेलं. क्लायंटला हेडलाईन 'निगेटिव्ह' वाटली. दोन बैठका त्यावर गेल्या. शेवटी छापली.

बी.एड.ला याला अध्यापनसूत्र म्हणतात: ज्ञाताकडून अज्ञाताकडे. त्याच यादीत पुढे मूर्ताकडून अमूर्ताकडे, सोप्याकडून कठिणाकडे वगैरे. परीक्षेत पाठ करून लिहिलेल्या या ओळींचा तेव्हा कंटाळा यायचा. आता एखादी गाजलेली जाहिरात पाहिली की त्याच आठवतात. पोलिओची 'दो बूंद ज़िंदगी की' घ्या. जाहिरातकार पियूष पांडे यांच्या नावावर असलेली ही ओळ. विषाणू, लसीकरण, रोगप्रतिकारशक्ती यातलं एकही अक्षर त्यात नाही. दोन थेंब मात्र आहेत, आणि ते आईला डोळ्यांसमोर दिसतात. सुई नाही, बाळ रडणार नाही, तोंडात दोन थेंब टाकले की झालं, हे सगळं त्या दोन शब्दांत आलं. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११च्या जानेवारीत पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ला जागतिक आरोग्य संघटनेनं भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. हे यश एका ओळीचं नक्कीच नाही. दारोदार फिरलेल्या आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांचं आहे. पण दारात उभं राहून काय बोलायचं, हे त्यांना त्या ओळीनं दिलं.

शिक्षकांकडे पाठाच्या पाच पायऱ्यांची पंचपदी असते; जाहिरातवाल्यांची स्वतःची चतुष्पदी आहे: लक्ष, रस, इच्छा, कृती. तिचं श्रेय ई. सेंट एल्मो लुईस या अमेरिकन गृहस्थांना देतात, साल सांगतात १८९८. आमची पंचपदी हर्बार्टची. हर्बार्ट जर्मन तत्त्वज्ञ, १७७६ ते १८४१. पायऱ्यांची नीट मांडणी त्याच्या शिष्यांनी केली. पूर्वतयारी, विषय प्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. दोन्ही सूत्रांचा अतिरेक झाला की पाठही मरतो आणि जाहिरातही मरते, हे मी दोन्हीकडे पाहिलंय. पण दोघांची पहिली पायरी शेजारी शेजारी ठेवून बघा. लुईसचा माणूस आधी लक्ष वेधतो, म्हणजे टाळी वाजवतो. हर्बार्टचा मास्तर आधी पोराच्या डोक्यात काय आहे ते चाचपतो. जाहिरातींची इतकी आरडाओरड का असते, याचं निम्मं उत्तर मला इथे सापडतं.

उद्दिष्टांचंही तसंच. टाचणात 'विद्यार्थ्यांना कविता समजेल' असं लिहिलं की प्राध्यापिका कागद परत द्यायच्या. समजेल हे दिसत नाही, म्हणून चालत नाही. विद्यार्थी 'सांगतो', 'ओळखतो', 'तुलना करतो', 'स्वतःचं उदाहरण देतो', अशी डोळ्यांना दिसणारी क्रियापदं लागत. बेंजामिन ब्लूमनं १९५६ साली मांडलेल्या उद्दिष्टांच्या वर्गीकरणाची ही आमच्यापर्यंत झिरपलेली आवृत्ती. तेव्हा हा निव्वळ कागदी छळ वाटे. पण ब्रीफमध्ये 'ब्रँडविषयी जवळीक निर्माण करणे' असं वाचलं की आता माझ्या तोंडून आपोआप निघतं, "म्हणजे तो माणूस नेमकं काय करतो?" दुकानात जाऊन नाव घेऊन मागतो? बायकोला फोटो पाठवतो? मिस्ड कॉल देतो? या प्रश्नानं बैठकीत शांतता पसरते. बऱ्याचदा असं निघतं की मार्केटिंगवाल्यांना मिस्ड कॉल हवा आहे, मालकांना गावात नाव व्हायला हवंय, आणि दोन्ही एकाच अर्ध्या पानात बसवायचं आमच्या गळ्यात आलंय. निदान भांडण त्यांचं त्यांच्यात होतं.

शांततेवरून आठवलं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्याला उठवतात. तोच अवधी तीन सेकंदांवर नेला तर मुलांची उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारीही बोलू लागतात. वर्गात तीन सेकंद थांबून बघा, युग लोटल्यासारखं वाटतं. रेडिओच्या तीस सेकंदांच्या स्पॉटमध्ये दोन सेकंदांची जागा मोकळी ठेवा म्हणून सांगून बघा, क्लायंटच्या छातीत कळ येते. त्या दोन सेकंदांचेही पैसे मोजलेत ना! मग ती जागा फोन नंबर दुसऱ्यांदा सांगण्यात जाते. तीस सेकंदांत साठ-सत्तर मराठी शब्द सुखानं बसतात. मला हटकून नव्वदचा मजकूर मिळतो आणि निवेदकाला म्युच्युअल फंडांच्या जोखमीच्या सूचनेसारखं पळावं लागतं. प्रश्न विचारून थांबलेला एक स्पॉट मी एकदाच प्रसारित करवू शकले, तोही एका छोट्या बियाणे दुकानदारासाठी. त्याच्याकडे नव्वद शब्दांइतकं सांगण्यासारखं नव्हतंच.

आणि गंमत अशी की जाहिरातलेखन मी शाळेतही शिकवलंय. दहावीच्या कुमारभारतीत उपयोजित लेखनात पत्र, सारांश, बातमी, कथा यांच्याबरोबर जाहिरात येते. मुलं काय लिहितात? त्वरा करा! त्वरा करा! त्वरा करा! भव्य सूट! आमची कुठेही शाखा नाही! चौकट, चौकटीला वेलबुट्टी, कोपऱ्यात फुटलेल्या फटाक्यासारखं चिन्ह आणि त्यात '५०%'. मार्गदर्शिकांनी 'आकर्षक, यमकयुक्त' वगैरे सांगून ठेवलेलं असतं, त्यामुळे गुणही मिळतात. एका वर्षी एका मुलीनं आजोबांच्या सायकल दुकानाची जाहिरात लिहिली होती. 'हवा फुकट. पंक्चर शाळा सुटायच्या आत.' बस्स. तिनं तिच्या वर्गातल्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवलं होतं. सायकल सकाळी टाकायची आणि घरी जाताना उचलायची, एवढीच त्यांची अडचण. मी पूर्ण गुण दिले आणि वर्गात वाचून दाखवलं. वेलबुट्टीवाल्यांना अन्याय झाल्यासारखं वाटलं. तीच वेलबुट्टी आता मोठ्या पगाराची माणसं घेऊन येतात.

जाहिरात क्षेत्राला आपल्या मूळपुरुषांच्या आधीच्या नोकऱ्यांचं फार कौतुक. डेव्हिड ओगिल्व्ही स्कॉटलंडमध्ये दारोदार आगा कंपनीच्या शेगड्या विकायचे, पियूष पांडे आधी चहाची चव पारखायचे आणि त्याआधी राजस्थानकडून रणजी खेळले, हे नव्यानं आलेल्या प्रत्येकाला ऐकावं लागतं. शिक्षकाची अशी दंतकथा मला कुणी सांगितली नाही. त्यामागे कारणही असावं, कारण शिक्षकाचं सगळंच इथे चालत नाही.

वर्ग हा कोंडलेला श्रोता. घंटा होईपर्यंत तो उठून जाऊ शकत नाही, आणि याची आपल्या आवाजाला इतकी सवय होते की ती जाता जात नाही. शिक्षकी पेशातून आलेल्यांचा मजकूर मी लांबून ओळखते. तो प्रस्तावनेनं सुरू होतो. मधे एकदा 'म्हणजेच' येतो. मुद्दा झाल्यावर त्याच मुद्द्याचं संकलन होतं, आणि मग 'तर मग आजच...'. चुकीच्या उत्तराची वाट बघत बसणं हाही आपलाच रोग. वाचकाला दुरुस्त करायचा मोह इतका दांडगा की 'अनेकांचा असा गैरसमज असतो' हे वाक्य आपल्या लेखणीतून हमखास निघतं. वाचक त्याच क्षणी पान उलटतो. शाळेत ज्याला बाकावर उभं करता येत होतं, तो इथे अंगठ्यानं आपल्याला वर सरकवून निघून जातो. हे मोडायला माझ्या एजन्सीतल्या आर्टवाल्यानं मला मदत केली. तो माझा मजकूर मोबाईलवर घ्यायचा, वाचता वाचता जिथे त्याचा अंगठा हलला तिथे रेघ मारून परत द्यायचा. बोलायचा काही नाही. इतकं कडक पाठनिरीक्षण मी बी.एड.लाही अनुभवलं नव्हतं.

दुसरी अडचण जास्त अवघड आहे. शिक्षकाला दुसऱ्याच्या मनातली दुखरी जागा सापडते. कोणतं पोर कुठे अडतं, आईवडील कशाला घाबरतात, हे त्याला दारात उभं राहिलेल्या पालकाच्या चेहऱ्यावरून कळतं. कोचिंग क्लास आणि शिकवणीची ॲप्स चालवणाऱ्यांना नेमकी हीच माहिती हवी असते. माजी शिक्षक त्यांच्याकडे कॉपीरायटर म्हणून लवकर लागतात आणि पैसेही बरे मिळतात. 'तुमचं मूल मागे तर पडत नाहीये ना?' ही ओळ लिहायला एक मिनिटही लागत नाही. पूर्वज्ञान म्हणून पालकांच्या डोक्यात भीती आहेच, त्यावर फक्त बोट ठेवायचं. अध्यापनसूत्र शंभर टक्के पाळलं जातं आणि तरीही मला ते लिहायचं नसतं.

क्लासच्या जाहिराती मी घेतच नाही, असं मात्र नाही. लातूरला, नांदेडला उतरलात तर निकालानंतर चौकाचौकात मुलांच्या फोटोंचे फ्लेक्स दिसतील. कधी कधी एकच टॉपर दोन क्लासांच्या फ्लेक्सवर हसत असतो. एकीकडे तो वर्षभर वर्गात बसलेला, दुसरीकडे त्यानं फक्त सराव परीक्षा दिलेल्या, पण फोटोचा आकार सारखाच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४मध्ये कोचिंग क्षेत्रासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. फोटोसोबत मुलाचं नाव, क्रमांक, त्यानं कोणता अभ्यासक्रम केला आणि त्याचे पैसे भरले होते का, हे द्यायचं. संमती लेखी घ्यायची आणि तीही निकाल लागल्यानंतर. मला या कागदाचा फार आधार झाला. पूर्वी मी म्हणायचे, "कोणता कोर्स ते खाली लिहूया, बरं दिसेल," आणि उत्तर यायचं, "मॅडम, जागा नाही." आता म्हणते, "नियम आहे." जागा लगेच होते. एका क्लासचालकांनी तर सरळ विचारलं, हे सगळं खरं लिहायचं तर फोटोत उरणार किती जण? मी म्हटलं, मोजून सांगा, उरतील त्यांचे फोटो मोठे करू. त्यांनी काम दुसऱ्याला दिलं.

अलीकडे शिक्षिकांचे निरोप बरेच येतात. बहुतेकींना विचारायचं असतं की कोणता कोर्स करू, इंग्रजी किती लागतं, घरून करता येतं का. इंग्रजी ब्रीफ वाचण्यापुरतं लागतं, घरून करता येतं, आणि सुरुवातीला दर इतके कमी मिळतात की शाळेचीच आठवण येते. कोर्सच्या भानगडीत मी कुणाला पाडत नाही. नमुना मागते. नमुना काय द्यायचा हा प्रश्न पडतो, तेव्हा पालकसभेची सूचना लिहून पाठवायला सांगते. शाळेची छापील सूचना सगळ्यांच्या परिचयाची: 'सर्व पालकांना कळविण्यात येते की... उपस्थिती अनिवार्य आहे.' अनिवार्य असूनही कुणी येत नाही. जे एरवी येत नाहीत त्यांना आणेल अशी सूचना लिहायची, एवढीच अट.

बीड जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेनं मागच्या महिन्यात पाठवलेली सूचना अशी होती: 'शनिवारी सकाळी ११ वाजता शाळेत या. तक्रार सांगायला बोलावलेलं नाही. तुमच्या लेकराची चित्रकलेची वही बघायची आहे. आई-बाबा ऊसतोडीला गेले असतील तर आजी आली तरी चालेल. वाचता येत नसेल तरी चालेल, वहीत चित्रंच आहेत.' पूर्वज्ञानाचा रकाना तिनं न आखता भरला होता: पालकांना वाटतं शाळेत बोलावलं म्हणजे तक्रार, घरात मोठं कुणी नसतं, अक्षराची भीती असते. मी तिला कळवलं, मजकुरात एका अक्षराचाही बदल नको, फक्त वेळ बदला. शनिवारी सकाळी अकराला आजी रानात किंवा बाजारात असणार, संध्याकाळची वेळ ठेवा.

तासाभरानं तिचं उत्तर आलं. वेळेचं तिलाही पटलं होतं, तिनं विचारूनही पाहिलं होतं, पण अकराची वेळ मुख्याध्यापकांनी ठरवलेली आहे आणि ते म्हणतात, मजकूर अजून जरा आकर्षक करा म्हणजे लोक येतील. मी तिला लिहिलं, तुमची तयारी पूर्ण झालेली आहे, क्लायंट कसे असतात ते आता वेगळं शिकवायला नको. सोबत तिला एका खत दुकानाच्या पत्रकाचं काम पाठवलं.